मदत हवी आहे: पुतण्याच्या काल्पनिक देशाला ऑलिंपिकमध्ये पदकं किती द्यावीत?

मंडळी, प्रश्न येडपट वाटेल, पण घरात आठ दिवस यावरून खडाजंगी चालू आहे.

पुतण्या नववीत आहे. त्याने दोनशे पानी वहीत अख्खा देश काढलाय. नाव मोरवेल, अरबी समुद्रातलं बेट. नकाशा, नाणी, टपाल तिकिटं, सगळं आहे. आता गाडी ऑलिंपिकच्या इतिहासावर आलीय. गड्याने १९५२ च्या हेलसिंकीत पहिल्याच फटक्यात नऊ सुवर्ण देऊन टाकली. वर कुस्तीत एकाच वजनगटात दोन कांस्य, दोन्ही मोरवेललाच! लोकसंख्या विचारली तर म्हणे चाळीस हजार. म्हणजे दोनेकदा कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान भरलं की देश संपला.

शिवाय मोरवेलला स्वातंत्र्य १९६६ चं. मग १९५२ ला स्वतःच्या नावाने उतरता येतं का? आणि पहिलं पदक कधी द्यावं? आई म्हणते, "काय बी कर, पण कुस्तीत दे." भाऊ म्हणतो, आधी सहामाही बघ.

रंकाळाकाठ: येतं की! आपण हॉकीचं पहिलं सुवर्ण १९२८ ला जिंकलं, तेव्हा राज्य इंग्रजांचंच होतं. आणि पोराला झांबियाचं सांगा. १९६४ च्या टोकियोत उद्घाटनाला ते उत्तर ऱ्होडेशिया म्हणून चालले. २४ ऑक्टोबरला समारोप, त्याच दिवशी स्वातंत्र्य, त्यामुळे निरोपाला झांबिया म्हणून! मोरवेलचं स्वातंत्र्य दोन वर्षं आधी आणलं तर आयतं प्रकरण मिळतंय. हां, आजच्या नियमाने देशाच्या ऑलिंपिक समितीला मान्यता हवी तर निदान पाच खेळांच्या राष्ट्रीय संघटना लागतात. वहीत त्या आहेत का बघा.

जुनी तालीम: दोन कांस्य खोडा. कुस्तीत ती पद्धत २००८ पासूनची. हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य एकच होतं आणि ते आपल्या खाशाबांनी आणलं. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले होते. मातीतला पैलवान मॅटवर उतरवला की काय होतं ते त्याला एकदा तालमीत नेऊन दाखवा, मग नऊ सुवर्ण आपोआप कमी होतील. आणि त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, लिअँडर पेसचं. ४४ वर्षं! महाराष्ट्राचा विचार केला तर पुढचं वैयक्तिक पदक २०२४ ला, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं. एवढ्या मोठ्या देशाची ही गत, मग बेटानं थांबायला नको?

मिसळ_कमी_तिखट: फिजी बघा. १९५६ पासून जातात, पहिलं पदक २०१६ ला. तेही सुवर्ण, रग्बी सेव्हन्समध्ये, आणि अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? ज्यांनी राज्य केलं त्या ब्रिटनला, ४३-७! कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपणच म्हणालो असतो, लई फिल्मी झालं. टोंगाचं आजवरचं एकमेव पदक १९९६ चं, मुष्टियुद्धातलं रौप्य. माझं मत, साठ वर्षांत एक द्या, पण त्या एकाची दहा पानं लिहायला लावा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. वही वाचून दाखवली. नऊ सुवर्ण खोडताना रबर झिजलं, तोंडही पडलं, पण झांबियाचं ऐकून गडी उठून बसला. स्वातंत्र्य १९६४ वर आलं, टोकियोला चौघं निघाले, पदक शून्य. आई रुसलीय, तिला २००८ नंतरचं एक कांस्य कबूल केलंय.

आता नवीन अडचण. १९७६ च्या माँट्रियलवर आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला होता, न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला म्हणून. मोरवेल आफ्रिकी देशांच्या बाजूने उभा राहणारा देश. पण नेमका त्याच साली मोरवेलचा एकुलता एक धावपटू भरात आहे. मी म्हणतो थांबवा, वहिनी म्हणतात पाठवा, पोरगं काल रात्रीपासून पेन हातात धरून बसलंय. काय करावं?