सुपरसॉनिक नोझलच्या आउटलेटला प्रेशर किती द्यायचं?

प्रश्न (पवई): संगणकावर प्रवाह सोडवतोय (CFD): माख २ चं (ध्वनीच्या दुप्पट वेगाचं) नोझल, हवा, टाकीवर गेज ५ बार, बाहेर मुंबईचं वातावरण. इनलेटला वेग आणि प्रेशर, आउटलेटला १ बार दिलं की सोल्युशन डायव्हर्ज होतं (आकडे भरकटतात). काय चुकतंय?

उत्तर (ठाणे): इनलेटला प्रवाह सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) आहे, वेग आणि स्टॅटिक प्रेशर (वाहत्या हवेचं) दोन्ही बांधू नका. टोटल प्रेशर, टोटल तापमान (हवा थांबवली तर जे मिळेल ते) आणि दिशा द्या. घसा (सर्वांत अरुंद भाग) चोक झाला, म्हणजे तिथे वेग ध्वनीइतका झाला, की मास फ्लो आपोआप ठरतो. प्रेशर अ‍ॅब्सोल्यूट हवं (गेज अधिक वातावरण): ५ + १.०१ = ६.०१ बार. फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटिंग प्रेशर शून्य करायला विसरू नका, नाहीतर वातावरण दोनदा मोजलं जातं.

उत्तर (दादर): खरं दुखणं आउटलेटला आहे. माख २ ला स्टॅटिक-टोटल गुणोत्तर ०.१२८, म्हणजे तोंडाशी ०.७७ बार. सुपरसॉनिक प्रवाहात बाहेरची खबर मागे जातच नाही, म्हणून तिथे काहीही न लादता सगळं आतून एक्स्ट्रापोलेट करा (आतल्या किमतींवरून काढा). तोंडाशी नॉर्मल शॉक (प्रवाहाला काटकोनात प्रेशरची एकदम उडी) बसायला बाहेर सुमारे ३.४६ बार लागतील. तुमच्याकडे १.०१ च आहे, म्हणून तिरके शॉक बाहेर तयार होतात. ते पाहायचे असतील तर डोमेन पुढे निदान वीस व्यास वाढवा आणि १.०१ बार त्या दूरच्या सीमेवर द्या.

प्रश्नकर्ता: आणि सुरुवात?

उत्तर (ठाणे): फर्स्ट ऑर्डर (कमी अचूक पण स्थिर पद्धत), कूरंट आकडा (टाइम स्टेप किती मोठी ते ठरवणारा) ०.२. शॉक स्थिरावला की सेकंड ऑर्डर (जास्त अचूक).