वजन उतरल्यानंतरची वर्षं: या पोटासकट म्हातारं होताना काय होतं?

माझं वजन कमी करायचं बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) होऊन ११ वर्षं झाली. तेव्हा मी ५० ची होते, वजन ११८ किलो. दीड वर्षात ७१ वर आलं, आता ७९ वर मुक्काम ठोकून आहे. पहिल्या वर्षातल्या गोष्टी सगळेच भरभरून सांगतात, जुनी पँट कमरेपासून वीतभर पुढे ओढून फोटोही काढतात (मीही काढलाय). त्यापुढचं मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. ऑपरेशनला निदान पाच वर्षं झालेल्यांनी लिहा, घरातल्या कुणाचं झालं असेल तरी चालेल. डॉक्टर-हॉस्पिटलची नावं नकोत, आणि "मी करून घेऊ का?" हा प्रश्नही इथे नको, कृपया.

आधी माझंच सांगते. मधुमेह चौदा वर्षांचा, दिवसाला दोनदा इन्शुलिन. ऑपरेशननंतर आठवड्याभरात, वजन नीट उतरायच्या आतच, साखर खाली आली. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात, हे मला नंतर समजलं. त्या वेळी जादूच वाटली. आठव्या वर्षी साखर पुन्हा चढली आणि एक गोळी सुरू झाली. मी महिनाभर स्वतःला कोसत होते. मग स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे वाचले: ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह गेलेला होता, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचाच. म्हणजे परत आलेल्यांत मी एकटी नव्हते.

खरा फटका हाडांना बसला. ५८ व्या वर्षी साध्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. कॅल्शियम मी रोज घेत होते हो! पण कार्बोनेटचं, तेही लोहाच्या गोळीबरोबर एकाच घोटात. कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं, ते आमच्या इवल्याशा पोटात कमी. शिवाय लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या वाटेत येतात. आता सायट्रेट घेते आणि दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवते. पाळी थांबणं आणि बायपास हे दोन्ही हाडांवर एकदमच चालून आले होते, पण तेव्हा डेक्सा करून घे असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून उरलेलं नळीसारखं करतात ते ऑपरेशन), ९ वर्षं, वय ५२
माझा त्रास वरवरचा आहे, हसू नका. तोंड! ४० किलो गेले ते गालांतूनही गेले. वर्षभर ज्याला त्याला एकच प्रश्न: "बरं नाही का तुला?" एका लग्नात तर मला माझ्या थोरल्या भावाचा थोरला भाऊ समजले. रक्तदाब उत्तम, झोपताना लावायचं श्वासाचं मशीन सुटलं, दोन जिने न थांबता चढतो. आतून दहा वर्षं मागे आणि आरशात दहा वर्षं पुढे, असा हिशेब आहे. पोटावरची लोंबणारी कातडी मात्र वरवरची नाही. घडीत ओल राहून पुरळ उठतं. व्यायामानं ती आवळत नाही, कारण ताणलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर तीन वर्षं पोटाचे व्यायाम करत बसलो नसतो.

आईचं बायपास, १२ वर्षं, तिचं वय ६९
ताई, तुमचं वाचून लिहायला बसले. आईनं चौथ्या-पाचव्या वर्षी जीवनसत्त्वं बंद केली. "रिपोर्ट चांगले आहेत, कशाला गोळ्या?" मग हळूहळू नावं विसरायला लागली, तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जायचा. आम्ही सगळ्यांनी वयावर ढकललं. तिला आधी बघितलेल्या डॉक्टरांनीही वयच सांगितलं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं विचारलं आणि बी-१२ तपासलं. अगदी तळाला गेलं होतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते, तोवर ऑपरेशनचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही. इंजेक्शनं सुरू झाली, विसरणं बरंच कमी झालं. मुंग्या आहेत त्या आहेतच. ती दोन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत.

स्लीव्ह, मग बायपास
थोडक्यात: स्लीव्हनंतर छातीत जळजळ इतकी वाढली की रात्री उशा रचून बसूनच झोपायचे. सहाव्या वर्षी बायपास करून घ्यावं लागलं. जळजळ गेली. आधीपासून ॲसिडिटी असणाऱ्यांनी स्लीव्हच्या आधी एंडोस्कोपीचा आग्रह धरावा, एवढंच.

बायपास, ७ वर्षं
नाव-गाव नको असल्यामुळेच लिहितोय. आधी मी सणासुदीला घेणारा. बायपासनंतर दारू थेट आतड्यात उतरते, एका पेल्यात पूर्वीच्या तिघांचं काम होतं. जेवणातला आनंद गेला होता, त्या जागी ती बसली. तिसऱ्या वर्षी बायकोनं बाटल्या मोजल्या. आता २२ महिने बंद आहे. ऑपरेशनच्या आधीच्या समुपदेशनात यावर एक वाक्य होतं, मी ते हसण्यावारी नेलं होतं.

बायपास, ८ वर्षं, वय ६३
गुडघेदुखीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी साधी वेदनाशामकं दिली. मी ऑपरेशनचं सांगितलं नाही, गुडघ्याशी त्याचा काय संबंध! पाच आठवड्यांत काळी शौच, जोडाच्या जागी अल्सर. आता पाकिटात चिठ्ठी ठेवते: "बायपास झालं आहे, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक गटातली औषधं नकोत."

स्लीव्ह, ५ वर्षं
एवढं सगळं वाचून घाबरायला होतंय. आयुष्य वाढतं की नाही शेवटी?

(धागाकर्ती)
वाढतं, पण मोजून-मापून. त्याच स्वीडिश अभ्यासाच्या २०२० च्या आकड्यांनुसार ऑपरेशन झालेले, न झालेल्या तशाच स्थूल माणसांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. सर्वसाधारण लोकांपेक्षा मात्र साडेपाच वर्षं कमीच. ऑपरेशन कुणाचं करायचं हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, तेव्हा आकडा थोडा सैलसरच धरायचा. तुम्ही पाचव्याच वर्षी विचारताय, मी अकराव्या वर्षी जागी झाले. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) या तपासण्या दर वर्षी करून घ्या. मला कुणी विचारलं तर मी हे ऑपरेशन पुन्हा करून घेईन. इन्शुलिनच्या सुया मी विसरलेले नाही.

बायपास, १० वर्षं, वय ६६
स्नायूंचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरले. थोडंसं खाल्लं की पोट भरतं आणि मी ती जागा बिस्किटांनी भरायचो. साठीनंतर खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले. आहारतज्ज्ञबाईंनी दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली, प्रत्येक जेवणात पहिला घास त्यांचाच. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासानं. आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायची. नातू दोन किलोचे डंबेल बघून खो-खो हसला. वर्ष झालं. हात न टेकता सलग दहा वेळा उठतो. अकराव्या वेळी अजून टेकतो.