पानात टाकलेलं अन्न, जगाची उपासमार आणि बोट नक्की कोणाकडे?

कुडाळची काकी

गेल्या वैशाखात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. मोठा हॉल, बुफे, अठरा पदार्थ. जेवून हात धुवायला मागच्या दारी गेले तर तिथे निळी पिंपं ओळीने मांडलेली. वरणभात, जिलब्या, एक घास खाऊन टाकलेल्या पुऱ्या, पनीरची भाजी, आणि त्यावर सोलकढीचे भरलेले ग्लास ओतलेले. भांडी घासणारी बाई म्हणाली, "वयनी, ह्या तिसरा पिंप." ती पिंपं डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

२००८ साल आठवतं का? तांदूळ-गहू जगभर महागले होते. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश म्हणाले होते की भारतातला मध्यमवर्ग ३५ कोटींचा झालाय, पैसा आला की माणूस चांगलंचुंगलं खायला मागतो, मागणी वाढते आणि भाव चढतात. त्या वेळी मी फार चिडले होते. आम्ही पेज पिणारी माणसं, आणि ह्यांचा डोळा आमच्या ताटावर! आज मात्र तो राग तितका खरा वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साठ टक्के घरांतलं. भारतात घरटी नव्हे, माणशी ५५ किलो वर्षाला. आणि २०२३ मध्ये जगात ७३ कोटी माणसं उपाशी होती.

माझी आजी पानात भाताचं शीत राहिलं तरी उठू द्यायची नाही. तिच्या नातवंडांनी ती पिंपं भरली आहेत. मला वाटतं, जगाच्या टंचाईत आपलाही हात आहे हे कबूल करायला हवं.

हर्णै बंदर

काकी, पिंपाचं दुःख खरं आहे. पण तुम्ही दोष चुकीच्या दारात नेऊन ठेवताय.

माझे वडील आणि चुलते मासेमारीतले, मी पण त्यातच. अन्न वाया जाताना बघायचं असेल तर हॉलच्या मागच्या दारी नको, पहाटे जेटीवर या. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात काय येतं ते बघा. बोटाएवढ्या बांगड्यांची पिल्लं, रुपयाएवढी पापलेटं, चिंगुळ कोळंबी. ह्यातलं बरंचसं बाजारात कोणी घेत नाही. मग ते फावड्याने क्रेटमध्ये भरायचं आणि फिशमीलच्या ट्रकात टाकायचं. तारलीचं पण तेच. आमच्या लहानपणी तारली म्हणजे गरिबाचं जेवण, त्रिफळं घालून तिखलं केलं की भाकरीबरोबर घर जेवायचं. आता तीच तारली दळून भुकटी होते, तेल निघतं. भुकटी कोणाला जाते? तळ्यातल्या कोळंबीला आणि कोंबड्यांना. भारतातून परदेशी जाणाऱ्या मासळीत गोठवलेली कोळंबी पहिली, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका.

म्हणजे इथल्या माणसाच्या तोंडचा स्वस्त मासा काढून महाग कोळंबीला चारला. ह्याला कोणी नासाडी म्हणत नाही, कारण हिशेबात तो 'विकला' गेला. तुमच्या १०५ कोटी टनांत तो कुठेच दिसणार नाही.

राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, त्याखालची पकडायची नाही. निर्णय चांगला, मनापासून चांगला. पण एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे आणि रात्री समुद्रात उजेड कुठे कुठे दिसतो ते किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, दोर ओढायला जो हात लावेल त्याला वाटा मिळायचा, अगदी म्हातारीला सुद्धा. ती पद्धत मोडली. भूक तिथून सुरू होते.

डोंबिवलीचा चाकरमानी

हर्णैकरांना अनुमोदन. काकी, २००८ चा तुमचा राग बरोबर होता, तो सोडू नका.

त्याच वर्षी अमेरिकी शेती खात्याच्या आकड्यांवरून सगळीकडे छापून आलं होतं : धान्याचा वापर भारतात माणशी वर्षाला १७८ किलो, अमेरिकेत १,०४६ किलो. अमेरिकन माणूस सहापट भाकरी खातो असं नाही. ते धान्य गुरांना, डुकरांना, कोंबड्यांना जातं आणि गाडीच्या टाकीत जातं. २००७ मध्ये त्यांनी कायदाच केला, २०२२ पर्यंत ३६ अब्ज गॅलन जैवइंधनाचं लक्ष्य. आज त्यांच्या मक्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मका इथेनॉलसाठी जातो. जागतिक बँकेतल्याच एका अर्थतज्ज्ञाने २००८ मध्ये लिहिलं की त्या भाववाढीतला मोठा वाटा जैवइंधनाचा होता. आणि बोट कोणाकडे? आपल्या पनीरकडे!

हे नवीन नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या माणसाचा शिधा दिवसाला साधारण एक पौंड धान्यावर आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या, लोकांनी कामं सोडली. आणि त्याच काळात इथला गहू बोटीत भरून इंग्लंडला जात होता. तेव्हाही साहेब सांगत होते की लोकसंख्या वाढली, धान्य पुरत नाही. खाणाऱ्याला दोष देणं ही जुनी सवय आहे, आणि ती कायम ज्याच्या हातात कोठाराची किल्ली असते त्यालाच लागते.

भाट्याचा वारा

वरच्या दोघांशी असहमत. काकींनी मांडलेला मुद्दा तुम्ही इतिहासाखाली गाडताय.

चाकरमानीसाहेब, तुमचे आकडे २००८ चे. काकींनी सांगितलेल्या त्याच २०२४ च्या अहवालातलं पुढचं वाचा. श्रीमंत देश, मधले देश आणि त्याखालचे देश, यांच्यात घरातल्या नासाडीचा फरक माणशी फक्त ७ किलोचा निघाला. म्हणजे उधळपट्टी ही गोऱ्यांची मक्तेदारी राहिलेली नाही.

इथेनॉलचं म्हणाल तर आपणही तोच रस्ता धरला. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं. त्यासाठी ऊस वापरला, मका वापरला आणि अन्न महामंडळाचा तांदूळ सुद्धा. एकेकाळी मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मका आयात करायला लागला. अमेरिकेने केलं तर पाप आणि आपण केलं तर परकीय चलनाची बचत?

शिवाय २० जुलै २०२३ ला आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा साधारण चाळीस टक्के. पुढच्याच महिन्यात जगातला तांदळाचा भाव १५ वर्षांत सर्वांत वर गेला. आफ्रिकेतल्या ज्या देशांत आपला तांदूळ शिजतो तिथल्या बाईला विचारा दोष कोणाचा ते. ती बुशचं नाव घेणार नाही.

किल्ली आता आपल्याही कमरेला आहे. हे मान्य करायला जड जातंय इतकंच.

डोंबिवलीचा चाकरमानी

निर्यातबंदीचं मान्य. इथेनॉलचंही मान्य करतो, तो तांदूळ मला खटकतो. पण पाहा, तुमचे दोन्ही मुद्दे सरकारी धोरणाचे आहेत. लग्नात पुरी टाकणाऱ्याने ना निर्यात थांबवली, ना इथेनॉल केलं. काकी मात्र त्यालाच पिंजऱ्यात उभं करतायत.

माजघर

माणशी ५५ किलो हा आकडा ऐकून घाबरलेल्यांसाठी : त्यात न खाण्याजोगा भागही धरतात. सालं, हाडं, बिया. आमच्या घरी मे महिन्यात एका दिवसात दोन फणस फुटतात. चारखंडं, मधली पाव, साली मिळून निम्म्याहून जास्त वजन गोठ्यात जातं, आठळ्या भाजीत जातात. आंब्याचे बाठे, नारळाचा चोथा, माशाचे काटे. शिळा कोण टाकता? म्हशीक जाता, कोंबयेक जाता. शहरातल्या फ्लॅटमधला किलो आणि आमच्या पडवीतला किलो एकाच तराजूत घालू नका.

आचारी, सावंतवाडी

गेली बावीस वर्षं लग्नाची जेवणं करतोय. दोन्ही बाजूंनी बरंच बोलून झालं, आता चुलीजवळच्या माणसाचं ऐका.

पिंप का भरतं? पहिलं कारण मुहूर्त. वैशाखात एका तारखेला एका घराला तीन-तीन आमंत्रणं. माणूस अक्षता टाकतो, आहेर देतो, सरबत पितो आणि पुढच्या हॉलला जातो. यजमान सांगतो सहाशे पानं. मी सहाशेला कमी करू शकत नाही, कारण जेवण कमी पडलं तर त्याची आयुष्यभर नाचक्की आणि माझा धंदा बंद. म्हणून वर पन्नासाचं आणखी शिजवतो. जेवतात चारशे ऐंशी.

दुसरं, पदार्थांची संख्या. पूर्वी पंगतीत वरणभात, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, कोशिंबीर, पुरी, एक गोड. वाढपी विचारून वाढायचा. आग्रह व्हायचा, नासाडी तेव्हाही व्हायची, नाही म्हणत नाही. पण सहा पदार्थांची. आता चायनीज लागतं, चाट लागतं, पाणीपुरी लागते. प्रत्येकाचा एकेक चमचा ताटात घेतला तरी ताट डोंगरासारखं होतं. रांगेत पुन्हा उभं राहायला नको म्हणून लोक एकदाच भरून घेतात.

तिसरं कारण कोकणचं, ते घाटावरच्यांना कळणार नाही. आमचं सगळं जेवण नारळावर. मे महिन्यातली उष्णता आणि दमट हवा. बारा वाजता उतरलेली वाटपाची भाजी चार वाजेपर्यंत आंबते. सोलकढी त्याच्या आधी जाते. लोक म्हणतात, उरलेलं आश्रमशाळेला द्या. कसं देऊ? लग्नघर मोकळं होतं साडेतीनला. मी ते पोरांना दिलं आणि एकाला जरी उलट्या झाल्या तर? एकदा दिलं होतं, भात आणि डाळ, नारळ न घातलेली, ताटापर्यंत न गेलेली, टोपातलीच. तेवढं चालतं. म्हणून आता मी यजमानाला सांगून डाळ बिननारळाची करतो आणि भात तीन घाण्यांत लावतो, तिसरा घाणा गर्दी बघून. भात वाचतो. पनीर वाचत नाही.

काकींचा राग बरोबर. पण पान उष्टं टाकणाऱ्यापेक्षा पानांची खोटी संख्या सांगायला लावणारी आपली अब्रू जास्त नासाडी करते. पाहुण्यांनी येणार की नाही हे आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तरी माझं एक पिंप कमी होईल.

दापोलीचं वरकस

बोंडूबद्दल कोणीच बोललं नाही? काजूची बी काढायची आणि बोंडू झाडाखाली फेकायचं. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं फळ, क जीवनसत्त्वाने भरलेलं. गोव्यात त्याची फेणी होते, आमच्याकडे माश्या होतात. आणि भात-नाचणीचं काय सांगू, वानरं आणि रानडुकरांनी पेरणीपासून कापणीपर्यंत इतकं नेलं की आमच्या वाडीत निम्मे मळे पडीक. पिकवलेलं वाया गेलं तर आकडा होतो. पिकवणंच सोडलं त्याचा आकडा कोण ठेवतं?

भाट्याचा वारा

वाटेतल्या नासाडीचे आकडे आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने २०१५ मध्ये मोजले होते : कापणी-काढणीपासून बाजारापर्यंत आंबा ९ टक्क्यांच्या वर, समुद्री मासळी साडेदहा टक्के. सगळ्या शेतमालाच्या नासाडीची मिळून किंमत ९२ हजार कोटींहून जास्त. तेव्हा हर्णैकर आणि वरकसवाले, तुमचं दुखणं मी नाकारत नाही. मी फक्त म्हणतो की वाटेत वाया जातं म्हणून ताटात टाकायची मुभा मिळत नाही.

कुडाळची काकी

सगळ्यांचं वाचलं. दोन वेळा वाचलं.

हर्णै बंदर, तुमच्या तारलीने मला गप्प केलं. मासळीबाजारात तारली कमी का दिसते ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता, आपण पापलेट-सुरमईच्या मागे लागलो म्हणून असेल असं धरून चालले होते. बुश बरोबर होते असं मी म्हणाले ते मागे घेते. ज्याच्या टाकीत मका जळतो त्याने माझ्या ताटाबद्दल बोलू नये.

पण चाकरमानी, पुरी टाकणाऱ्याला तुम्ही जे सोडून देता ते मला पटत नाही. ज्या बाईने ती पिंपं घासली, तिच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं ते मी विचारलं होतं. पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी. ती नासाडी जगाच्या बाजारात भाव चढवत नसेल. तिच्या डोळ्यांदेखत झाली, आणि करणारे आम्ही होतो, अमेरिका नव्हती.

माघात मुलीचं लग्न आहे. आचारीदादा, तुम्ही लिहिलेलं यजमानांना वाचून दाखवलं, म्हणजे माझ्या यजमानांना. पंगत धरायची ठरवली आहे. नऊ पदार्थ. व्याह्यांना अजून सांगायचं आहे, आणि खरं सांगते, त्याची धास्ती वाटते. चाट नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड कसं होईल ते दिसतंय मला.

आचारी, सावंतवाडी

व्याह्यांना मी सांगतो. घाणे तीनच लावू. आमंत्रणाची यादी मला गाववार द्या, नुसती संख्या नको. कुठल्या गावात त्या दिवशी दुसरं लग्न आहे ते मला कळतं.

हर्णै बंदर

काकी, पंगतीचं ऐकून बरं वाटलं. माझं मत मात्र तेच आहे.

१ जून ते ३१ जुलै बंदी. १ ऑगस्टला बोटी सुटतील. पहिल्या आठवड्यात किती क्रेट बाजारात गेले आणि किती फिशमीलच्या ट्रकात, हे मी आमच्या जेटीवर उभा राहून मोजणार आहे आणि इथे लिहिणार आहे. मालवण, देवगड, नाटे, साखरी नाटे, जिथे जिथे कोणी वाचत असेल त्यांनी आपापल्या बंदरात मोजावं. आकडा नाही म्हणून आमची नासाडी दिसत नाही ना, मग आकडा आम्हीच ठेवू.