शर्यतीतून निवृत्त ग्रेहाउंड घरी आणलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी गुहागरजवळ राहतो. पंजाबातल्या शर्यतींत धावलेली पाच वर्षांची ग्रेहाउंड मादी महिन्यापूर्वी घरी आणली. ताशी ६० किलोमीटरच्या वर पळणारी जात, पण आमची राणी दिवसभर पडवीत गोधडीवर तंगड्या वर करून झोपते. आई तिला कुंभकर्णीणच म्हणते.

जिना चढता येत नाही, पहिल्याच पायरीवर थरथरते. ते येईल हळूहळू. शेजारच्या काकींची कोंबडी मात्र थोडक्यात वाचली, काकी अजून बोलत नाहीत.

खरी काळजी वेगळीच. परवा कानामागून सात गोचिडी काढल्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट १ लाख ४० हजार. डॉक्टर म्हणाले, गोचीडताप, गोळ्या सुरू करा. पण ग्रेहाउंडच्या प्लेटलेट मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात. ताप नाही, जेवतेय, भाताबरोबर बांगडाही चाटूनपुसून संपवते. मग नुसत्या आकड्यावर औषध द्यायचं का? एर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाच्या जंतूची, चाचणी चिपळूण किंवा रत्नागिरीत कुठे होते?

शिवाय पुढे नसबंदी करायची आहे. अंगावर चरबी कमी आणि यकृतही औषध सावकाश मोडतं, त्यामुळे थायोपेंटलसारखी भूल यांच्यात फार वेळ उतरत नाही. हे ठाऊक असलेले डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? मुधोळ, कारवान अशी सडपातळ शिकारी कुत्री पाळणाऱ्यांनी तर नक्की सांगा. कोल्हापूरपर्यंत गाडी काढायची तयारी आहे.