मदत हवी आहे: मालवणच्या समुद्रातल्या खडकांवर पाण्याच्या खोलीनुसार बदलणारी जीवांची वस्ती कशी मोजावी?

नमस्कार मंडळी,

आमचा बेळगाव-खानापूरचा गट मालवण सागरी अभयारण्यातल्या (१९८७ पासून संरक्षित, सुमारे २९ चौ. किमी) खडकाळ तळाचे फोटो तपासतोय. खोली ३, ६ आणि १० मीटर. प्रत्येक खोलीवर २० मीटरची टेप, दर मीटरला ५० सेंमीची चौकट, एका फोटोवर ५० बिंदू टाकून प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते नोंदवतो.

अडचण १० मीटरच्या फोटोंची आहे. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी शोषतं. त्यामुळे खडकाला चिकटलेलं गुलाबी चुनेरी शैवाल तिथे राखाडी दिसतं, गाळ बसलेल्या केसाळ शैवालासारखं. मग खोलवर ते कमी आहे असा खोटाच निष्कर्ष निघतो. फ्लॅश कॅमेऱ्याजवळ ठेवला की गढूळ पाण्यातले कण पांढरे ठिपके होऊन प्रवाळाचे पेले (प्रवाळाच्या एकेका जीवाचे छोटे वाटीसारखे खळगे) झाकतात. फ्लॅश हातभर बाजूला धरलेले फोटो बरेच बरे आलेत, पण ते थोडेच.

विचारायचं ते असं:

रंग जुळवायला ठेवतात ती पांढरी पाटी ज्या फोटोत नाही, त्यांचा रंग शेजारच्या फोटोवरून दुरुस्त केला तर चालेल का? की असे बिंदू सरळ ‘अनिश्चित’ धरावेत?

भरती-ओहोटीने पाणबुड्याच्या घड्याळावर दिसणारी खोली दीड-दोन मीटर सरकते. सगळे आकडे एकाच पातळीला आणायला मालवणजवळचा कुठला भरती-तक्ता वापरता?

आणि मुख्य म्हणजे, खोल भागात गाळही जास्त आहे. फरक उजेडाचा की गाळाचा, हे वेगळं कसं करायचं? एकाच खोलीवर लाटांना उघडा आणि आडोशाचा खडक, दोन्ही घेणं पुरेल?

निपाणी, बेळगावकडचं कुणी जाणकार असेल तर फोटो घेऊन येऊ.