मदत हवी आहे: ब्रेकचा आवाज आला की अपघात पुन्हा समोर उभा राहतो

सात महिन्यांपूर्वी बाईकचा अपघात झाला. हाड जुळलं, चालणं-फिरणं सुरळीत आहे. पण रस्त्यात कुणी करकचून ब्रेक दाबला की तो क्षण जसाच्या तसा समोर येतो: डांबरावर खरखरत घासत गेलेलं हेल्मेट, तोंडात रक्ताची चव. तळहात घामेजतात, दोन-चार मिनिटं काही सुचत नाही. आठवड्यातून तीन-चारदा तरी होतंच. स्वप्नं वेगळीच.

आधी ठरवलं, विचारच करायचा नाही. मग तर जास्तच आठवायला लागलं. (१९८७ मधला मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा प्रयोग नंतर वाचला: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तोच विचार पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा कळलं की यात माझं एकट्याचं काही चुकत नाहीये.) समोरच्या पाच वस्तू, चार स्पर्श, तीन आवाज मोजण्याने तेवढ्यापुरता उतार पडतो, पुढच्या वेळी पुन्हा तेच. सगळं वहीत लिहायला बसलो, अर्ध्या पानावर पेन खाली ठेवलं.

दारू किंवा झोपेची गोळी घेत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार अजिबात नाहीत. कामामुळे गाडी चालवणं टाळता येत नाही. 'वेळ जाऊ दे' हे भरपूर ऐकून झालंय.

समुपदेशकांनी दोन पर्याय दिलेत: ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी). ज्यांनी यातलं काही स्वतः घेतलंय त्यांनी कृपया सांगा: सुरुवातीच्या सत्रांनंतर आठवणी आणखी उसळल्या का, आणि त्या दिवसांत गाडी चालवणं जमलं का?