पॅथॉलॉजिस्ट म्हणजे नुसती सही?

वर एकांनी लिहिलंय की पॅथॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्त-पेशी तपासून रोगाचं निदान करणाऱ्या डॉक्टरचं, काम म्हणजे रिपोर्टवर सही. हे मला अजिबात पटलं नाही. फिलाडेल्फियाचे पीटर नॉवेल पॅथॉलॉजिस्टच होते. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी त्यांनी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी दिसू लागली. मग १९६० मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, ल्युकेमियाचाच एक प्रकार) रुग्णांत एक आखूड गुणसूत्र सापडलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची ही अदलाबदल आहे, हे शास्त्रज्ञ जॅनेट राउलींनी १९७३ मध्ये दाखवलं. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक बनतं. त्याच्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. किती जीव वाचले त्यामुळे! आजही गोळी लागू पडतेय का, हे बीसीआर-एबीएलच्या तपासणीतून कळतं.